कुंडीतले गांजाचे झाड आणि ‘एक किलोपर्यंत सूट’

गांजाची एक-दोन झाडे घरच्या कुंडीत स्वतःपुरती लावली तर गुन्हा होत नाही, कारण एक किलोपर्यंत कायद्यानेच सूट दिली आहे, भांग सरकारमान्य आहे आणि उत्तराखंडात तर शेतीही खुली झाली आहे, असा मजकूर समाजमाध्यमांवर सर्रास फिरतो आहे. त्यावर विसंबणाऱ्याची गाठ थेट १९८५ च्या एनडीपीएस कायद्याशी, म्हणजे अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याशी पडते, म्हणून त्यातला एकेक दावा तपासणे भाग आहे.

एक किलोचा आकडा खरा आहे, पण तो सवलतीचा नाही. २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेने गांजासाठी १ किलो ही अल्प मात्रा आणि २० किलो ही व्यापारी मात्रा ठरवली. बाळगणे, विकणे, वाहून नेणे यांना शिक्षा किती, एवढेच त्यावरून ठरते. अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लागवडीला मात्र ही मोजपट्टी लागूच नाही. कलम २० ने लागवड हा स्वतंत्र गुन्हा मानला असून त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि झाडांची किमान संख्या किंवा ‘स्वतःच्या वापरासाठी’ असा अपवाद तिथे कुठेही नाही. खिशात पुडी सापडलेल्या माणसापेक्षा कुंडीत रोप वाढवणाऱ्याला मोठी शिक्षा होऊ शकते, हे मला न्याय्य वाटत नाही. पण कायदा आज असाच आहे.

भांगेचा दाखला तर फारच फसवा आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत, म्हणून पानांची भांग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. लागवडीची बंदी मात्र अख्ख्या झाडावर, म्हणजे गांजा आणि भांग ज्यापासून मिळतात त्या कॅनाबिस प्रजातीच्या कोणत्याही झाडावर आहे. शिवाय महाराष्ट्रात भांगही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते आणि तिला परवाना लागतो.

उत्तराखंडने २०१८ मध्ये परवानगी दिली ती औद्योगिक भांगेच्या, म्हणजे धागा व बियांसाठी वाढवल्या जाणाऱ्या झाडाच्या परवानाधारक शेतीला, तीही टीएचसी (नशा आणणारा घटक) ०.३ टक्क्यांच्या आत असेल तरच. घरगुती कुंडीशी तिचा संबंध नाही.

‘घरात कोण बघायला येतो’ हाही भ्रमच आहे. माहिती मिळाल्यास आणि ती लेखी नोंदवल्यास अधिकृत अधिकारी सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत वॉरंटशिवाय घरात शिरू शकतो. सूर्यास्तानंतर मात्र वॉरंटसाठी थांबता का येत नाही, याची कारणे त्याला नोंदवावी लागतात. बेकायदा लागवड लक्षात आल्यावर पोलिसांना कळवणे हे जमीनधारकाचे आणि सरपंचाचेही कायदेशीर कर्तव्य आहे.

आरोपीच्या बाजूचे मुद्देही आहेत, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमके तेच नसतात. झाड आपोआप उगवले असेल तर त्याला लागवड म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले आहे. ते झाड आरोपीने लावले, जोपासले हे सरकार पक्षाला दाखवावे लागते. पंचनाम्यात झाडे मुळासकट, देठापानांसकट काट्यावर टाकून सगळे वजन गांजाचे म्हणून लिहिले असेल, तर शेंडे वेगळे करून तोलले का, हा प्रश्न वकिलाने विचारलाच पाहिजे, कारण जामिनाच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयानेही तो महत्त्वाचा मानला आहे. पण हे सारे गुन्हा दाखल झाल्यानंतरचे बचाव आहेत, आणि ते न्यायालयात मांडेपर्यंत अटक, कोठडी व जामिनाच्या तारखा यांतून जावेच लागते.