मुले सांभाळायला कॉलेज कशाला?

मी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, बालविकास आणि कुटुंब हा विषय शिकते आहे, हे ऐकल्यावर कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी मंडळींकडून जो प्रश्न हमखास येतो, तो वर दिला आहे. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मात्र पोराच्या कोडिंगच्या शिकवणीवर सढळ हाताने खर्च करणाऱ्या घरांत, तीन वर्षांच्या मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या बाईने काही शिकलेले असावे अशी अपेक्षाही नसते, याचे मला नवल वाटते.

या अभ्यासातले सर्वांत अवघड काम म्हणजे निरीक्षण लिहिणे. कॉलेजच्या बालकेंद्रात कोपऱ्यात बसून एकाच मुलाकडे पाहायचे आणि दिसेल तेवढेच नोंदवायचे. ‘हट्टी’, ‘लाजाळू’, ‘गुणी’ ही विशेषणे तिथे बाद. ‘तिने लाल ठोकळा उचलला, शेजारच्या मुलाकडे पाहिले, ठोकळा खाली ठेवला, पुन्हा उचलला’ एवढेच लिहायचे. मग त्यावरून काय म्हणता येईल आणि काय नाही, याची वर्गात चिरफाड होते. ‘अगदी आजोबांवर गेलाय’ असा निकाल देऊन मोकळे होणाऱ्या घरांतून आलेल्यांना हे सहजी जमत नाही.

मूल जिथे कधी पाऊलही ठेवत नाही, तिथल्या घडामोडींचाही त्याच्या वाढीवर परिणाम होतो, हे मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातले एक सूत्र. त्यासाठी सहसा आईवडिलांच्या नोकरीच्या जागेचे उदाहरण देतात. एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याच्या व्हिसाला जोडून आलेल्या आम्हा बायकांना उदाहरण म्हणून व्हिसाचे कागदच पुरतात. शिकण्याची मुभा आहे, पण नोकरीचा परवाना २०१५ पासून मिळू लागला तोही जोडीदाराचे ग्रीन कार्डाचे काम ठरावीक टप्प्यावर पोहोचले असेल तरच, आणि हा ताण मुलाच्या जेवणाच्या ताटापर्यंत येतो. वर्गात शेजारी एकोणीस वर्षांची मुलगी, तर पलीकडे घरीच पाळणाघर चालवणाऱ्या आजी. त्यामुळे बाळाला कुशीत घेऊन झोपवावे का, यावर पुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा कितीतरी अधिक ऐकायला मिळते. नावाजलेल्या विद्यापीठात असा वर्ग भरणे कठीण.

तक्रारही आहे. मॉन्टेसरी बाईंवर आम्हाला भरपूर वाचायला मिळाले, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर एक ओळही नाही. १९४५ पासून बोर्डीला काम करताना, मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, हा मार्ग या दोघींनी काढला. कुटुंब आणि शिक्षण यांच्या नात्याबद्दल याहून नेमके उदाहरण मला तरी माहीत नाही. सत्राच्या निबंधासाठी मी हाच विषय घेतला आहे.

आता खर्चाचे. राज्याच्या रहिवाशांना सेमिस्टर पद्धतीत एका युनिटला (अभ्यासक्रम मोजण्याचे माप, श्रेयांक) ४६ डॉलर फी पडते, आणि १२ युनिट व सहा महिन्यांचा अनुभव असला की खासगी प्रीस्कूलमध्ये शिक्षिका होता येते. २०२५-२६ पासून चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत जागा मिळू लागली आहे. त्या वर्गाच्या शिक्षकाकडे नेहमीच्या शिक्षक-परवान्याखेरीज बालशिक्षणाची २४ युनिट किंवा तेवढ्या तोडीचा अनुभव लागतो. म्हणजे राज्याने या ज्ञानाची गरज कायद्याने मान्य केली. प्रीस्कूलच्या शिक्षिकेचा पगार मात्र अजूनही, हे तर बायकांना उपजतच येते, असे धरून ठरवल्यासारखा आहे. आणि वरचा प्रश्न विचारणाऱ्यांचे म्हणणेही नेमके हेच असते.