‘२५५ मधून वजा करा’ म्हणजे पीडब्ल्यूएम उलटणं नव्हे

एम्बेडेडमध्ये (उपकरणांत बसवलेल्या चिपांच्या प्रोग्रामिंगमध्ये) नव्याने आलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा सल्ला मिळतो: पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने हाय-लो करून सरासरी ताकद ठरवणारा सिग्नल) उलटं हवंय? २५५ मधून ड्युटी (सायकलचा किती भाग सिग्नल हाय राहतो तो आकडा) वजा करा आणि मोकळे व्हा, पोलॅरिटीच्या बिटांच्या, म्हणजे आउटपुटचं हाय-लो चिपमध्येच उलटवणाऱ्या सेटिंगच्या, नादी लागू नका. सोबत तीन कारणं असतात. सरासरी तीच येते, म्हणजे सिग्नल तोच. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत सगळं मिळतं. आणि पिनच्या कॉन्फिगरेशनला हात लावला नाही की कोड कुठल्याही चिपवर चालतो.

कॅथोडकडून पिनला जोडलेला, म्हणजे पिन लो झाली की पेटणारा एकटादुकटा एलईडी मंद-प्रखर करायचा असेल तर वजाबाकी खुशाल करा, मीही करतो. पण हा सल्ला एलईडीपाशी थांबत नाही, मोटर ड्रायव्हरपर्यंत जातो, आणि तिथे धूर निघतो.

सरासरी तीच येते हे खरंच आहे. पण समजा, एकाच टायमरचे दोन चॅनेल हाफ-ब्रिजचा (सप्लाय आणि ग्राउंडच्या मध्ये एकावर एक बसवलेल्या दोन इलेक्ट्रॉनिक स्विचांचा) वरचा आणि खालचा मॉसफेट चालवतायत, आणि दोघेही इनपुट हाय आलं की चालू होतात. वरच्याला ४० टक्के दिले. खालचा नेमका उलट हवा, म्हणून १०० मधून ४० वजा करून त्याला ६० दिले. आता टायमरचा काउंटर शून्यावर आला की दोन्ही चॅनेल एकदमच हाय होणार, कारण पोलॅरिटी दोघांचीही सरळच आहे. सायकलच्या पहिल्या ४० टक्क्यांत दोन्ही मॉसफेट चालू, म्हणजे सप्लाय थेट ग्राउंडला. पुढचे २० टक्के फक्त खालचा चालू, शेवटचे ४० टक्के दोघेही बंद. मल्टिमीटर लावाल तर दोन्ही पिनांवर सरासरी अगदी हिशेबाप्रमाणे दिसेल. मॉसफेट तोवर गेलेला असेल. वजाबाकीने पल्सची रुंदी बदलते, ती सायकलमध्ये कुठे सुरू होते ते बदलत नाही. खालच्या चॅनेलला ४०च द्या आणि त्याची पोलॅरिटी उलटवा, मग वरचा हाय असताना खालचा लो राहतो. (तरी मध्ये डेड टाइम, म्हणजे दोघेही बंद असण्याचा छोटा अवकाश, लागतोच. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या टीआयएम१ टायमरमध्ये पूरक आउटपुट आणि डेड टाइम दोन्ही हार्डवेअरमध्येच आहेत, ते वापरा.)

‘सगळं मिळतं’ या दाव्यात एका टिकची (काउंटरच्या एका पावलाची) चूक लपलेली असते. एसटीएम३२वर एआरआर या काउंटरची कमाल किंमत ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये ९९९ लिहिलं की सायकल १००० टिकांची होते. लोक सवयीने ९९९ मधून ड्युटी वजा करतात. मग ड्युटी ० असताना आउटपुट १००० पैकी ९९९ टिक हाय राहतं, आणि ‘बंद’ असलेला, लोवर चालणारा लोड प्रत्येक सायकलला एक टिक जागा होतो. वजाबाकी १००० मधून हवी.

एव्हीआर चिपांबाबत मात्र वजाबाकीची बाजू घ्यायला हवी. एटीमेगा३२८पी या एव्हीआर चिपच्या फास्ट पीडब्ल्यूएममध्ये, ८ बिटांवर, इन्व्हर्टिंग (उलट) मोड निवडून ओसीआर या ड्युटी ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये ० लिहिलं तरी २५६ पैकी एक टिक आउटपुट लो जातं, आणि लोवर पेटणारा एलईडी अंधारात मिणमिणताना दिसतो. सरळ मोडमध्ये २५५ लिहिलं की आउटपुट अखंड हाय राहतं, एलईडी पूर्ण विझतो. म्हणजे पोलॅरिटी बिट हीही जादूची कांडी नाही. डेटाशीटमधल्या टोकाच्या किमती वाचाव्याच लागतात. आर्डुइनोचं अ‍ॅनालॉगराइट ० आणि २५५ या दोन किमतींना गुपचूप डिजिटलराइट करतं, म्हणजे पिन थेट लो किंवा हाय करतं, म्हणून तिथे ही भानगड कुणाला दिसत नाही.

राहिला पोर्टेबिलिटीचा मुद्दा. मुळात २५५ हा आकडाच ८ बिटांचा आहे! लोड लोवर चालतो ही बोर्डाची गोष्ट. ती प्रत्येक ड्युटीच्या गणितात पेरण्यापेक्षा एकदाच पिन मांडताना सांगावी. लिनक्समध्ये ती डिव्हाइस ट्रीत (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीत) लिहिता येते. आरपी२०४० चिपमध्ये त्यासाठी दोन जागा आहेत: पीडब्ल्यूएम ब्लॉकमधला इन्व्हर्ट बिट आणि पिनचा आउटपुट ओव्हरराइड (पिनबाहेर पडणारा सिग्नल उलटवणारी सेटिंग). दोन्ही एकदम लावले की उलट्याचं पुन्हा सुलट होतं. शिवाय ओव्हरराइड पिनवर बसतो, त्यामुळे तो न काढता पुढे तीच पिन साधी जीपीआयओ (थेट ० किंवा १ लिहायची पिन) म्हणून वापरलीत तर १ लिहिल्यावर ० बाहेर येतो.

पण कोड सुरू होण्याआधीच्या क्षणाला वजाबाकी आणि पोलॅरिटी बिट दोन्ही सारखेच निरुपयोगी. रिसेटनंतर आरपी२०४०च्या जीपीआयओ पिना इनपुट असतात आणि आतला पुल-डाउन (पिनला लोकडे ओढणारा रेझिस्टर) चालू असतो. तिथे ३.३ व्होल्टवरच्या पी-चॅनेल मॉसफेटचा (नियंत्रणाचं टोक, म्हणजे गेट, लो झालं की चालू होणाऱ्या) गेट थेट जोडलात, तर फर्मवेअर जागं होईपर्यंत लोड चालूच. गेटपासून सप्लायला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. आतला पुल-डाउन ५० किलोओहमचा धरला तरी गेट २.७५ व्होल्टवर राहतो आणि मॉसफेट सहसा बंद.