गोल तराफ्यातला मानपान

मुलीच्या बापानं व्याह्यांबरोबर कुठे जावं, याला आमच्या पिढीत काही मर्यादा होत्या. देवदर्शनाला जावं. नाटकाला जावं, पण तिकिटं आपण काढावीत आणि पुढच्या रांगांतली काढावीत. लग्नकार्यात जेवायला शेजारी बसावं आणि त्यांच्या पानातली जिलबी संपायच्या आत वाढप्याला खूण करावी. या सगळ्या ठिकाणी मानाची जागा कोणती ते आधीच ठरलेलं असतं. गाडीत पुढची सीट, कोचावर पंख्याखालचा कोपरा, पंगतीत पहिलं पान. गोल तराफ्यात मानाची जागा कुठे असते, हे मात्र मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मुलगी आणि जावई अटलांटाला असतात. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी दोन्हीकडच्या आईवडिलांना एकदमच बोलावलं. 'तुम्हाला एकमेकांची सोबत होईल' म्हणे. ही सोबत कशी असते हे ज्यांना मुलगी आहे त्यांनाच कळेल. ठाण्याहून निघाल्यापासून बायको मला बजावत होती की साहेबांना मध्येच तोडून बोलायचं नाही आणि विहीणबाईंच्या आधी चहाचा कप उचलायचा नाही. व्याह्यांना सगळे साहेबच म्हणतात. ते पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले असं कागदोपत्री म्हणायचं, कारण पाणी दिसलं की ते अजूनही ड्यूटीवर असतात.

अटलांटाहून ऑर्लँडोपर्यंतच्या लांबलचक गाडीप्रवासात पुढची सीट साहेबांकडे होती. मागच्या खिडकीशी विहीणबाई, आणि उरलेल्या जागेत, नातीच्या कारसीटच्या दोन्ही अंगांना, आम्ही. इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. विहीणबाईंच्या अंगात बायकोनं आल्या आल्या दिलेला आहेर होता, मरून रंगाचा सुती कुर्ता. 'रंग जाणार नाही, दुकानदारानं गॅरंटी दिलीय,' हे बायकोनं देताना सांगितलं, दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं आणि जॉर्जिया संपून फ्लोरिडा लागलं तेव्हा पुन्हा सांगितलं.

ऑर्लँडोत पाण्यातून गोल तराफ्यात बसून वाहायच्या राइड्स एकाहून जास्त आहेत. डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये १९९९ पासून काली रिव्हर रॅपिड्स आहे. तिथल्या काल्पनिक नदीला त्यांनी चक्रनदी असं नाव ठेवलंय. हे जावयानं वाचून दाखवताच विहीणबाईंनी कालीला उद्देशून बसल्या जागी हात जोडले. सीवर्ल्डमधल्या इन्फिनिटी फॉल्समध्ये, ती २०१८ ची, तराफा चक्क लिफ्टनं वर नेतात आणि चाळीस फुटांवरून खाली सोडतात. आम्ही कुठल्या पार्कातल्या राइडमध्ये बसलो ते मी सांगणार नाही. जे झालं त्यात पार्काचा काही दोष नव्हता, आणि विहीणबाईंनीही तो पार्काला दिलेला नाही.

रांगेच्या तोंडाशीच पाटी होती. तुम्ही भिजाल, बहुधा चिंब भिजाल, असा तिचा मथितार्थ. विहीणबाईंनी ती मुलाकडून समजून घेतली आणि विचारलं, "पैसे देऊन?"

या प्रश्नाला उत्तर नाही. आम्ही ज्या घरांत वाढलो तिथे भिजून आलेल्या मुलाला आधी धपाटा मिळायचा आणि मग टॉवेल. जून लागायच्या आत छत्र्यांच्या काड्या तपासणं, चपला पोटमाळ्यावर टाकून प्लॅस्टिकचे सँडल काढणं, दप्तराला प्लॅस्टिकची पिशवी चढवणं, ही आमची संस्कृती. बायकोच्या पर्समध्ये आजही घडी घातलेल्या तीन पिशव्या असतात. त्यातली एक घडी उलगडून तिनं साहेबांचं कानाचं मशीन डबीत घालून पिशवीत ठेवलं, गाठ मारली, पुन्हा गाठ मारली आणि स्वतःजवळ घेतलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे ती बसणार नव्हती. 'मी पुलावर थांबते, सामान सांभाळते,' म्हणाली. तिच्यासारख्या निरुपद्रवी बाईला पुलावर एकटीला सोडण्यात धोका असेल असं कुणाच्या मनात येईल?

रांगेतला बराच वेळ साहेबांनी घेतला. मशीन काढल्यामुळे त्यांना काही ऐकू येत नव्हतं आणि म्हणून ते खणखणीत बोलत होते. जावयानं फोन पुढे धरून वाचायला दिलं की ही असली पहिली राइड १९८० साली टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड पार्कात सुरू झाली, नाव थंडर रिव्हर, बनवणारी कंपनी इंटामिन, स्वित्झर्लंडची. ते पार्क २००५ मध्ये बंद पडलं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी जर्मनीत ऑग्सबुर्गला कनू स्लॅलम या होड्यांच्या शर्यतीकरता काँक्रीटचा प्रवाह बांधला होता, माणसानं बांधलेली खळाळती नदी, तेही जावयानं दाखवलं. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळं वाचलं आणि निकाल दिला, "ही नदी नव्हे. हा अस्तरीकरण केलेला कालवा आहे."

मग कठड्यावरून वाकून त्यांनी पाहणी केली. तराफ्याला ना रूळ, ना इंजिन. पंप खालच्या तळ्यातलं पाणी उपसून वर टाकतात, ते उतारानं वाहत खाली येतं आणि पुन्हा उपसलं जातं. खळाळ आपोआप होत नाही. तळाशी अडथळे बसवलेले असतात, मध्येच पात्र अरुंद केलेलं असतं, तिथे पाण्याचा वेग वाढतो आणि ते उसळतं. शेवटी तराफा लाकडी पट्ट्यांच्या सरकत्या पट्ट्यावरून पुन्हा वर चढतो. "म्हणजे ही उपसा सिंचन योजना झाली!" साहेब गरजले. पुढच्या रांगेतली दोन कुटुंबं वळून पाहू लागली. "पण सिंचन कुठाय? आपल्याकडे म्हैसाळ, टेंभूचे पंप वीजबिल थकलं की बंद व्हायचे. इथं बिल कोण भरतं?"

"आपण," जावई म्हणाला. ते त्यांना ऐकू आलं नाही ते बरंच झालं. तिकिटांचे पैसे मी हट्टानं दिले होते.

खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे, १९१६ पासूनची. तिथे धरणांची, बंदरांची छोटी मॉडेलं करून त्यांतून खरं पाणी सोडतात आणि लाटा कुठे आपटतात ते बघतात. साहेब तिथे अनेकदा जाऊन आलेले. "तंतोतंत हेच," ते म्हणाले, "फक्त तिथे त्यात माणसं बसवत नाहीत."

आमची पाळी आली तेव्हा खरी अडचण उभी राहिली. तराफा थांबतच नाही. त्याच्याबरोबर फलाटही हळूहळू सरकत असतो आणि चालत्यातच चढायचं. बारा जागा गोल मांडलेल्या, मध्ये धरायला एक कडं. मी विहीणबाईंना म्हटलं, "ताई, आधी तुम्ही." त्या म्हणाल्या, "छे, तुम्ही वडीलधारे." साहेबांना काहीच ऐकू आलं नव्हतं, पण प्रसंग ओळखून तेही मागे सरले आणि हातानं मला वाट दाखवू लागले. मी दोन पावलं मागे गेलो. आपल्याकडच्या कुठल्याही दारात हा कार्यक्रम पाच मिनिटं चालतो आणि दाराची काही तक्रार नसते. इथे दारच चाललं होतं. विशीच्या आतल्या एका पोरानं मला खांद्याला धरून जी जागा समोर आली तीत बसवलं, साहेबांना माझ्या शेजारी, विहीणबाईंना बरोबर समोर, आणि कमरेचे पट्टे लावून टाकले. मुलगी, जावई, नात इकडेतिकडे. उरलेल्या जागांवर एक अमेरिकन कुटुंब येऊन बसलं. त्यातल्या बापानं अंगातला शर्ट आधीच काढून ठेवलेला होता.

पहिल्या वळणावरच मला मुलीचा बाप म्हणून घाम फुटला. तराफा कुठे वळणार हे कुणाच्याच हातात नसतं. भिंतीला थडकतो, गिरकी घेतो, प्रवाह एका बाजूला जोरात असला की उलटा फिरतो. ज्या बाजूला वजन जास्त ती बाजू खाली दबते. आमची बाजू दबलेली होती, त्यामुळे पहिली लाट माझ्या मांडीवर आली आणि मला अतोनात बरं वाटलं. मुलीकडचा माणूस भिजला, रीत सांभाळली गेली. दुसरी लाट साहेबांच्या बुटात शिरली. मी "सॉरी" म्हणालो. का म्हणालो माहीत नाही, पाणी मी सोडलेलं नव्हतं. साहेब मात्र खुशीत ओरडले, "विसर्ग वाढवला!"

विहीणबाई कोरड्या होत्या. पाठ ताठ, पर्स पोटाशी, नजर सरळ माझ्यावर. अमेरिकन बाप हात वर करून लाटांना बोलावत होता, त्याची पोरं किंचाळत होती, आणि त्या गदारोळात त्या एकट्या सत्यनारायणाला बसाव्यात तशा बसल्या होत्या. समोर धबधबा दिसू लागला. तराफा संथ गिरक्या घेत त्याच्याकडे निघाला. आता विहीणबाईंची पाठ धबधब्याकडे, आता माझी, पुन्हा त्यांची. मी मनातल्या मनात सगळ्या कुलदैवतांना सांगितलं की मला घ्या. ऐन वेळी तराफा कशाला तरी घासला, अर्धा फिरला आणि अख्खा धबधबा माझ्या डोक्यावर कोसळला. चष्मा गळ्यात आला. मुलगी हसून वाकली. विहीणबाईंच्या कपाळावर दोन थेंब उडाले, ते त्यांनी रुमालानं टिपले. मी त्या पार्काच्या अभियंत्यांचे आभार मानले.

आणि मग पूल आला.

पुलाच्या कठड्यावर पाण्याच्या तोफा बसवलेल्या असतात. क्वार्टरचं नाणं टाकायचं, नेम धरायचा आणि बटण दाबायचं. खालून जाणाऱ्या परक्या माणसाला भिजवण्याचा आनंद पंचवीस सेंटला ही मंडळी विकतात, आणि पुलावर त्यासाठी कायम गर्दी असते. त्या गर्दीत आमची ही उभी होती. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, एका हातात साहेबांचं कानाचं मशीन, दुसरा हात तोफेवर. कुणा शेजारणीनं तिला नाणं देऊन शिकवलं होतं म्हणे. चेहऱ्यावर जे भाव होते ते मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. नेम माझ्यावर होता, यात शंका नाही. अनेक वर्षांचा हिशेब होता तो. तिनं बटण दाबलं, आणि तिचं बटण दाबणं आणि पाणी आमच्यापर्यंत पोहोचणं यांच्या मधल्या क्षणात तराफ्यानं गिरकी घेतली.

धार विहीणबाईंच्या कानशिलाखाली बसली. तिथून पदर घ्यावा तशी खांद्यावर आली. हिला वाटलं नेम चुकला, म्हणून तिनं तोफ सुधारून घेतली. तोवर तराफा आणखी फिरला, आणि दुसऱ्यांदाही विहीणबाईच. "अगं बंद कर!" मी ओरडलो. हिला ऐकू आलं ते वेगळंच असावं, कारण तिनं आनंदानं हात हलवला. पुलाखालून आम्ही पुढे गेलो तेव्हा तराफ्यात कुणी बोलत नव्हतं. फक्त साहेबांनी, ज्यांना काहीच समजलं नव्हतं, जाहीर केलं, "धोक्याची पातळी ओलांडली!"

रंग जायला लागला तो उतरताना दिसला. आधी मनगटांवरून, मग पांढऱ्या सलवारीवर गुडघ्यापर्यंत, तिथून मुलानं घेऊन दिलेल्या नव्या बुटांवर. साहेबांनी सवयीनं सलवारीवरच्या त्या रेषेकडे पाहिलं. पूररेषा म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. मशीन कानात नसलं तरी चाळीस वर्षांचा संसार होता.

पुलावरून ही लगबगीनं खाली आली. आधी तिला कुर्ता दिसला, मग माझा चेहरा. "अगंबाई, विहीणबाई, मी ह्यांना मारत होते हो!" हे वाक्य मुलीच्या सासूसमोर कसं वाटेल याचा तिनं विचार केला नव्हता.

"छे छे, त्यात काय," विहीणबाई म्हणाल्या.

ज्यांना मुली आहेत त्यांच्या पोटात हे 'त्यात काय' ऐकून गोळा येतो. लग्नात रुखवत कमी पडलं तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या होत्या. मुलीनं टॉवेल काढले, ही हातानं रंग पुसू लागली आणि तो अजून पसरला, मी उगाचच सगळ्यांना कॉफी विचारत फिरलो. विहीणबाईंनी शांतपणे केस पिळले, पर्स उघडली आणि मुलाला विचारलं, "हे क्वार्टर म्हणजे यातलं नेमकं कुठलं रे नाणं?"

त्यानं दाखवलं. त्यांनी तेवढी वेगळी काढून मुठीत घेतली. मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही अजून बसलाच नाहीत. इतक्या लांबून आलात."

"माझा गुडघा…"

"बसायचंच तर असतं. चालायचं कुठाय त्यात? काय हो?" हे 'काय हो' साहेबांना होतं. त्यांनी न ऐकताच ठामपणे मान डोलावली.

मुलीकडच्यांना इथे नाही म्हणता येत नाही. हिनं माझ्याकडे पाहिलं, मी नातीकडे. ही एकेक पिशवी माझ्या हातात देऊ लागली. तेवढ्यात फ्लोरिडातल्या उन्हाळी दुपारी येतो तसा पाऊस आला, कडकडाट करून, आडवातिडवा. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. त्याच पोरानं येऊन रांगेला साखळी लावली. नखशिखांत भिजलेली शेदोनशे माणसं पावसात भिजू नये म्हणून दुकानाच्या छपराखाली धावली, आम्हीही धावलो, आणि हिनं पर्समधून उरलेल्या पिशव्या काढून एकेकाच्या डोक्यावर घातल्या. पहिली अर्थातच विहीणबाईंच्या.

"चला, गेलं ते," ही माझ्या कानात म्हणाली. "आता घरी जाऊ या का, ताई? तुम्हाला सर्दी व्हायची."

डोक्यावरची पिशवी नीट करत विहीणबाई आभाळाकडे बघत होत्या. मूठ मिटलेलीच होती.

"थांबू की," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय घाई आहे?"