टॅबवरच्या उत्तराने कुणाचं मूल ऑटिझमचं ठरत नाही

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'दवाखान्यात टॅबवर मुलाची माहिती भरू नका. मशीन ऑटिझमचा (स्वमग्नतेचा) शिक्का मारते, ती नोंद शाळेत जाते, मग प्रवेश मिळत नाही. द्यायचीच तर कागदावर द्या.' माझ्या मुलाची तपासणी कागदावरही झाली आणि टॅबवरही, म्हणून लिहिते.

आधी शिक्क्याचं. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरतात ती एम-चॅट-आर प्रश्नावली म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे. प्रश्न 20. गुण 3 ते 7 आले तर अडलेल्या प्रश्नांवर पालकांशी पुन्हा सविस्तर बोलायचं असतं. 8 किंवा जास्त आले तर सरळ तज्ज्ञांकडे पाठवतात. निदान होतं ते डॉक्टरांनी मुलाला पाहिल्यावरच.

'कागदच बरा' म्हणणाऱ्यांना मात्र मला जरा थांबवायचं आहे. या प्रश्नावलीत 17 प्रश्नांना 'नाही' आलं तर गुण धरतात, पण 2, 5 आणि 12 यांना 'हो' आलं तर. 'रोजच्या आवाजांनी मूल अस्वस्थ होतं का?' हा बारावा. भरलेल्या ओपीडीत हाताने बेरीज करताना नेमकी इथे चूक होते, आणि दुसऱ्या फेरीचं बोलणं तर वेळेअभावी राहूनच जातं. टॅब उलटे प्रश्न बरोबर मोजतो आणि पुढचे प्रश्न तिथल्या तिथे समोर आणतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 2017 च्या अभ्यासात असं केल्यावर निकालाची अचूक नोंद 54 वरून 92 टक्क्यांवर गेली, आणि चाळणीत अडकलेल्या मुलांसाठी योग्य पाऊल उचललं जाण्याचं प्रमाण 25 वरून 85 टक्क्यांवर.

आमची फाईल मी पन्नीत गुंडाळून जपायची. ती एका दवाखान्यात जमा केली आणि परत मिळालीच नाही. मान कधी धरली, बसला कधी, पहिला शब्द कोणता, सगळं पुन्हा आठवून सांगावं लागलं. रामटेक-उमरेडहून एसटीने येणाऱ्या आईची अशा फेरीत एक दिवसाची मजुरी बुडते.

शाळेचं म्हणाल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे आणि सरकारी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. नोंद लपवून मूल थेरपीविना राहतं, एवढंच.

माहिती बाहेर जाण्याची भीती मी खोडून काढणार नाही. 2023 चा विदा (डेटा) संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो, पण नियमांत आरोग्यसेवेला सवलत आहे. तेव्हा माहिती कुठे साठते, कोण बघतं, आपली प्रत मिळेल का, हे विचाराच. आणि वाचता न येणाऱ्या आईच्या हातात टॅब देऊन निघून जाणं मला अजिबात मान्य नाही. प्रश्न मराठीत, हिंदीत, गडचिरोलीहून आलेल्यांना गोंडीत वाचून दाखवणारं माणूस शेजारी बसलेलं हवं.

येत्या तपासणीला जाल तेव्हा, टॅब असो की कागद, गुण 3 ते 7 आले तर दुसऱ्या फेरीचे प्रश्न झाल्याशिवाय उठू नका.