डेटा गेला नाही, म्हणून पॅच पुढे ढकलायचा?

नमस्कार. इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे आधी थोडक्यात सांगतो. लांबून सर्व्हर बंद पाडता येईल अशा त्रुटीबद्दल मी ‘पॅच (दुरुस्तीचा कोड) आजच लावा’ असं लिहिलं, ते तुम्हाला विनाकारण घाबरवणारं वाटलं. डेटा चोरीला जात नाही, प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) पडली तर सिस्टिमडी, म्हणजे लिनक्समध्ये सेवा सुरू ठेवणारा प्रोग्राम, ती लगेच उभी करतं आणि ट्रॅफिकचा पूर आलाच तर फायरवॉल आहे. मग महिन्याच्या ठरलेल्या मेन्टेनन्सपर्यंत थांबलं तर काय बिघडलं, असं तुम्ही विचारता.

पुरापासूनच सुरुवात करतो, कारण गल्लत तिथेच होते आहे. हजारो यंत्रांनी मिळून केलेला मारा हा एक प्रकार झाला. त्यावर रेट लिमिट (ठरावीक वेळात किती विनंत्या घ्यायच्या याची मर्यादा), सीडीएन (भार वाटून घेणारं सर्व्हरांचं जाळं), फायरवॉल असे उपाय आहेत. माझा लेख दुसऱ्या प्रकारावर होता. त्यात पूर येतच नाही. एखादंच पॅकेट येतं आणि सर्व्हर आडवा होतो.

डीएनएस सर्व्हर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगतो. बाइंड या डीएनएस सर्व्हरमधली सीव्हीई-२०१५-५४७७ या क्रमांकाची त्रुटी बघा. टीकी (गुप्त किल्ली ठरवण्यासाठीचा रेकॉर्ड) नावाची क्वेरी, म्हणजे विचारणा, आली की बाइंड तो रेकॉर्ड आधी पॅकेटच्या ॲडिशनल विभागात शोधायचा. तिथे सापडला नाही तर आन्सर विभागात, कारण विंडोज २००० तो तिथे ठेवत असे. पहिल्या शोधात नाव जुळलं पण रेकॉर्डचा प्रकार जुळला नाही, तर ‘नेम’ या पॉइंटरमध्ये (मेमरीतला पत्ता धरून ठेवणाऱ्या चलामध्ये) आधीची किंमत तशीच राहायची. दुसरा शोध सुरू होताना तो पॉइंटर रिकामा असलाच पाहिजे अशी अट कोडमध्ये होती. अट मोडली की असर्शन (कोडमधली ही सक्तीची तपासणी) फेल, आणि अख्खा सर्व्हर बंद. दुरुस्ती काय होती? दोन शोधांच्या मधे ‘नेम’ पुन्हा नल (रिकामा) करणारी एक ओळ.

आता सिस्टिमडी. सर्व्हर पुन्हा उभा राहायला काही क्षण तरी जातात, दुसरं पॅकेट पाठवायला तेवढेही लागत नाहीत. शिवाय रिझॉल्व्हर (वापरकर्त्यांसाठी नावांचे पत्ते शोधून आणणारा डीएनएस सर्व्हर) रीस्टार्ट झाला की त्याची मेमरीतली कॅश, म्हणजे साठवलेली उत्तरं, रिकामी होते आणि प्रत्येक नाव नव्याने विचारत बसावं लागतं. आयपी ब्लॉक करावा म्हटलं तर डीएनएस बहुतेकदा वापरतं त्या यूडीपी प्रोटोकॉलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. कोणाला अडवणार?

आणि प्रोसेस पडलीच नाही तर? २०२४च्या फेब्रुवारीत उघड झालेली कीट्रॅप ही त्रुटी मला म्हणूनच जास्त गंभीर वाटते. डीएनएसेकमध्ये (डीएनएसची उत्तरं डिजिटल सहीने पडताळण्याच्या पद्धतीत) प्रत्येक किल्लीला १६ बिटांचा एक टॅग असतो. दोन किल्ल्यांचा टॅग सारखा निघू शकतो, म्हणून जुळणारी प्रत्येक किल्ली प्रत्येक सहीशी ताडून बघावी, असं मानकातच अपेक्षित होतं. हल्लेखोराने स्वतःच्या डोमेनमध्ये एकाच टॅगच्या शंभर किल्ल्या आणि शंभर खोट्या सह्या ठेवल्या, की रिझॉल्व्हरच्या गळ्यात दहा हजार पडताळण्या पडतात, आणि त्यातली एकही यशस्वी होणार नसते. जर्मनीतल्या अथेने या संशोधन केंद्राने दाखवून दिलं, की अशा एका उत्तराने वेगवेगळे रिझॉल्व्हर ५६ सेकंदांपासून १६ तासांपर्यंत अडकून पडतात. या सगळ्या वेळात सिस्टिमडीला प्रोसेस ‘रनिंग’च दिसते! मुळात ही अपेक्षा १९९९च्या मानकापासून चालत आली होती. म्हणजे ज्यांनी नियम इमानेइतबारे पाळले, तेच सापडले.

तुमचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो. त्रुटींचं गांभीर्य मोजणाऱ्या सीव्हीएसएस पद्धतीत अशा त्रुटींना सरसकट दहापैकी ७.५ गुण मिळतात: गोपनीयतेला धक्का नाही, डेटात फेरफार नाही, उपलब्धतेवर मोठा परिणाम. त्या आकड्याला तुमचा सर्व्हर कशासाठी आहे हे ठाऊक नसतं. कोणीही विसंबून नसलेलं टेस्टचं मशीन असेल तर खुशाल थांबा. पण रिझॉल्व्हर बंद पडला की त्याच्यामागे मेल, लॉगिन, पेमेंट सगळंच थांबतं. रुग्णाचा रिपोर्ट उघडत नसेल तेव्हा ‘रिपोर्ट चोरीला तर गेला नाही ना’ हे त्याला सांगून काय उपयोग? सेवा मिळत राहणं हा सुरक्षेचाच भाग आहे, दुय्यम भाग नव्हे.

पॅच लगेच लावणं खरंच शक्य नसेल तर काय, हेही तुम्ही विचारलं आहे. कीट्रॅपच्या बाबतीत डीएनएसेकची पडताळणी तात्पुरती बंद ठेवता येत होती, पण तेवढा काळ खोट्या उत्तरांपासूनचं संरक्षण जातं. मी तो मार्ग शेवटचा म्हणून ठेवीन. २०१५च्या त्रुटीला तर पॅचशिवाय उपायच नव्हता. ॲक्सेस लिस्ट (कोणाला उत्तर द्यायचं याची यादी) लावूनही भागत नव्हतं, कारण पॅकेट हाताळताना तो सदोष कोड लिस्ट तपासण्याच्या आधीच चालायचा. पॅच २८ जुलैला आला. ओपन सोर्समध्ये पॅच आला की कोडमधला फरक सगळ्यांनाच वाचता येतो, हल्लेखोरांनाही. काही दिवसांतच प्रत्यक्ष हल्ले सुरू झाले होते. महिन्याच्या ठरलेल्या मेन्टेनन्सची वाट बघणाऱ्यांचे सर्व्हर तेव्हा उघडेच होते.