मराठी बातम्यांची वेबसाइट काढताय? आधी हे वाचा, सातवा मुद्दा धक्कादायक!

गुरुवारी पाणी येणार की नाही, एवढंच परवा एका बातम्यांच्या वेबसाइटवर बघायचं होतं. उत्तर सापडलं नवव्या परिच्छेदात, गुडघेदुखीच्या तेलाखाली, आणि बातमी निघाली गेल्या वर्षीची. वाचकाला असं अडकवण्याची ही विद्या आता इतकी पक्की झाली आहे की नव्या मालक-संपादकांसाठी ती एकदा लिहून ठेवलेली बरी.

सुरुवात मथळ्यापासून करा. 'गुरुवारी कोथरूड, वारज्यात पाणी बंद' असा मथळा देणाऱ्या उपसंपादकाला त्याच दिवशी घरी पाठवा. सगळं बाहेरच कळलं तर आत कोण येणार? 'पुणेकरांनो, लक्ष द्या! गुरुवारी 'या' भागांत ठणठणाट, तुमचा भाग आहे का?' हे कसं, भारदस्त वाटतं. भागांची यादीही एका पानावर द्यायची नाही. पंधरा भाग असतील तर पंधरा फोटो करा आणि प्रत्येकाखाली 'पुढे'चं बटण ठेवा, म्हणजे पंधरा वेळा जाहिराती लागतात. फोटो कसला? नळाचा.

जुनी बातमी फेकू नका, वरची तारीख बदला.

सकाळी सोन्याचा भाव, दुपारी 'लाडकी बहीण'चा हप्ता. हप्त्याबद्दल नवं काही नसेल त्या दिवशी 'मोठी अपडेट' म्हणा.

पान उघडताक्षणी नोटिफिकेशनची परवानगी मागा. वाचकाने अजून एक ओळही वाचलेली नसते, म्हणून हीच वेळ योग्य.

सातवा मुद्दा? तो नाहीच. मथळ्यात आकडा लागतो म्हणून टाकला.

आता जाहिरातींची मांडणी, इथे जरा नीट लक्ष द्या. दर दोन परिच्छेदांनंतर 300 × 250 चा चौकोन, तळाला चिकटलेली 320 × 50 ची पट्टी, कोपऱ्यात आपोआप सुरू होणारा भलत्याच विषयाचा व्हिडिओ, आणि तो बंद करायची फुली मुंगीएवढी. चौकोनांसाठी उंची आधी राखून ठेवायची नाही, ही खरी मेख. राखली तर जाहिरात येईपर्यंत तिथे कोरी जागा दिसते, मजकूर हलत नाही आणि वाचक सुखाने वाचतो. न राखता सोडली की आधी मजकूर दिसतो, माणूस वाचायला लागतो. मागे त्या जागेसाठी डझनभर कंपन्यांची बोली चाललेली असते. ती संपली की जाहिरात मध्येच उगवते, मजकूर खाली ढकलला जातो आणि 'पुढे वाचा'वर टेकायला निघालेला अंगठा बरोब्बर तिच्यावर पडतो. झाला क्लिक! गूगल या हलण्याला गुण देतं आणि ते 0.1 च्या आत ठेवा म्हणतं. म्हणू दे.

मग काय होतं, तेही ऐका. चुकून गेलेला माणूस दोन सेकंदांत परत फिरतो. जाहिरातदाराच्या हिशेबात दिसतं की तुमच्याकडून माणसं येतात आणि कुणी काही घेत नाही. चुकीचे म्हणून ओळखले गेलेले क्लिक गूगल कापून टाकतं, बोली उतरते, जाहिरात हजार वेळा दाखवण्याचा भाव पडतो. भाव पडला म्हणून तुम्ही आणखी एक चौकोन घालता. पान आणखी जड होतं, आणखी उशिरा हलतं, जरा कळणारी मंडळी जाहिराती अडवणारं ॲड-ब्लॉकर टाकतात, भाव पुन्हा पडतो आणि तुम्ही पुन्हा चौकोन शोधायला लागता! एवढं करून हातात काय येतं? ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या 'इस्बा' या संघटनेने 2020 साली पीडब्ल्यूसी या हिशेब तपासणाऱ्या कंपनीकडून हिशेब करून घेतला, तेव्हा जाहिरातदाराच्या 100 पौंडांतले 51 प्रकाशकापर्यंत पोचत होते. उरलेल्यांतले 15 कुठे गेले याचा तर मागच लागला नाही. तिथल्या बड्या प्रकाशकांची ही गत. छापील अंकात कॉलम सेंटिमीटरचा दर तुम्ही ठरवत होतात, एजन्सी 15 टक्के घ्यायची आणि उरलेलं तुमच्या गल्ल्यात यायचं. आता बाजार समिती, अडत्या आणि काटा, तिन्ही एकट्या गूगलच्या हातात. वेबसाइटवरच्या जाहिरातींचा व्यवहार चालवणारी डबलक्लिक ही कंपनी गूगलने 2008 मध्ये घेतली. ही बेकायदा मक्तेदारी आहे असं अमेरिकेतल्या न्यायालयाने म्हणायला 2025 चा एप्रिल उजाडला. आपल्या स्पर्धा आयोगाने वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून जानेवारी 2022 मध्ये चौकशीचा आदेश दिला. तोवर तुम्ही घाला चौकोन.

तळाला 'हेही वाचा'मध्ये तीन बातम्या आणि पाच जाहिराती कालवा, 'प्रायोजित' हा शब्द राखाडीवर राखाडी. एखाद्या उद्योगपतीचा चेहरा चिकटवून घरबसल्या लाखो मिळवण्याची जाहिरात तिथे आली आणि कुणी जाब विचारला, तर 'ती आपोआप येते' म्हणा. छापील अंकातही तुम्ही काही धुतल्या तांदळाचे नव्हता, 'दाव्यांची खातरजमा वाचकांनी करावी' अशी ओळ टाकून हात झटकत होतातच. पण निदान काउंटरवर पैसे घेऊन पावती फाडणारा माणूस तरी होता.

अहो, नोकरी, घर, गाडी, स्थळ यांच्या छोट्या जाहिराती गेल्या त्या गेल्या. नोकरी डॉट कॉम 1997 चं आहे, तेव्हा जागे झाला नाहीत. बँकांच्या ताबा नोटिसा अजून येतात त्या तुमच्या प्रेमापोटी नव्हे. दोन वृत्तपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, त्या छापाव्यात असा नियम आहे म्हणून. तो बदलला की तेही गेलं. गूगलकडे नसलेली एकच गोष्ट तुमच्याकडे होती: पालिकेत, जिल्हा परिषदेत, कोर्टात तासन्‌तास बसून राहणारा वार्ताहर. त्याच्या हातावर बातमीमागे चिल्लर टेकवता आणि आमदारांच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायला गावभर फिरवता. ज्या कंत्राटदाराकडून पानभर शुभेच्छा आणल्या, त्याच्या उखडलेल्या रस्त्याची बातमी तो कशी देणार? लाज वाटू द्या. त्याला महिन्याचा पगार द्या आणि जाहिरातींसाठी दुसरा माणूस नेमा.

आणि वाचकहो, तुम्ही काय हसताय? पहाटे ग्रुपवर आख्ख्या अंकाची पीडीएफ येते, ती उघडता, चार ग्रुपांवर ढकलता, आणि वर 'हल्ली पेपरात काही नसतं' म्हणता. घरी येणारा अंक बंद करून कितीसे वाचवलेत? तो पुन्हा सुरू करा, पेपरवाल्याचं बिल थकवू नका, आणि ती पीडीएफ पाठवणं आजच्या आज थांबवा.