क्विसलिंगने कुठल्याच किल्ल्याचं दार उघडलं नव्हतं

गेल्या पंधरवड्यात तीन ग्रुपांवर एकच मजकूर येऊन आदळला. थोडक्यात असा: नॉर्वेत क्विसलिंग नावाचा किल्लेदार होता, त्याने जर्मनांकडून लाच खाऊन किल्ल्याचं दार उघडलं, देश एका रात्रीत पडला, हिटलरने बक्षीस म्हणून त्याला पंतप्रधान केलं. युद्ध संपल्यावर त्याला गोळ्या घातल्या आणि तेव्हापासून जगभर गद्दाराला ‘क्विसलिंग’ म्हणू लागले. शेवटी अर्थातच ‘आपल्यातले क्विसलिंग ओळखा’ आणि जोडलेले हात.

तो गद्दार होता, यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण ही गोष्ट त्याची नाहीच. ही आपल्या सूर्याजी पिसाळाची गोष्ट आहे: वाईच्या देशमुखीसाठी १६८९ मध्ये रायगडाचं दार उघडलं, ही. (ती तरी कितपत खरी, यावर अभ्यासकांत वाद आहेच.) कुणीतरी जुन्या साच्यात नवं नाव ओतलंय.

किल्लेदार? विडकुन क्विसलिंग लष्करात होता खरा, १९३१ ते ३३ संरक्षणमंत्रीही होता. पण एप्रिल १९४० मध्ये, जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला तेव्हा, त्याच्या हाताखाली ना किल्ला होता ना पलटण. होता तो १९३३ साली काढलेला स्वतःचा पक्ष, ‘नाशुनाल सामलिंग’. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्याला दोन टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, १९३६ मध्ये त्याहून कमी. संसदेत एकही जागा नाही.

किल्ल्याचं म्हणाल, तर घडलं ते नेमकं उलटं. ९ एप्रिलच्या पहाटे ‘ब्ल्यूशर’ ही नवीकोरी जर्मन क्रूझर ऑस्लोच्या खाडीतून वर सरकत होती. राजधानी ताब्यात घेणारे सैनिक आणि अधिकारी तिच्यावरच होते. वाटेत ऑस्कार्सबोर्ग किल्ला. तोफा पन्नासेक वर्षांच्या जुन्या आणि गंमत म्हणजे जर्मनीतच, क्रुपच्या कारखान्यात ओतलेल्या. माणसं इतकी कमी की स्वयंपाक्यांनाही तोफेवर उभं केलं. समोरचं जहाज कुणाचं, हेही वरून कुणी कळवलेलं नव्हतं. किल्लेदार बिर्गर एरिक्सन निवृत्तीला टेकलेला. तो म्हणाला, एकतर मला पदक मिळेल नाहीतर माझं कोर्ट मार्शल होईल, डागा! दोन गोळे बसले, मग किनाऱ्यावरच्या जुनाट टॉर्पेडोंनी उरलेलं काम केलं. दोनेक तासांत ब्ल्यूशर तळाला. तेवढ्या अवधीत राजा हाकोन सातवा, मंत्रिमंडळ आणि बँकेतलं सोनं ऑस्लोतून निसटलं.

म्हणजे देश एका रात्रीत पडला, हेही गेलं. नॉर्वेची फौज ६२ दिवस लढली.

हिटलरने पंतप्रधान केलं, हे अर्धवट. ९ एप्रिलच्याच संध्याकाळी क्विसलिंग थेट रेडिओ केंद्रात गेला आणि आपणच पंतप्रधान झाल्याचं जाहीर करून मोकळा झाला. कुणी नेमलं नव्हतं, कुणी निवडलं नव्हतं. हिटलरने मागाहून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जर्मन राजदूत राजाकडे त्याच्या नेमणुकीची मागणी घेऊन गेला. राजाने मंत्र्यांना सांगितलं, तुम्हाला हे मान्य करायचं असेल तर मी गादी सोडतो. मंत्री राजाच्या मागे उभे राहिले. सहाव्या दिवशी जर्मनांनीच क्विसलिंगला बाजूला केलं. पुढे १९४२ च्या फेब्रुवारीत ‘मंत्री-अध्यक्ष’ म्हणून त्याला पुन्हा बसवलं, तेही जर्मन आयुक्त टेरबोव्हेनच्या हाताखाली.

आता लाच. इथे जपून बोलायला हवं, कारण पैशाचा संबंध होताच. डिसेंबर १९३९ मध्ये तो बर्लिनला जाऊन हिटलरला भेटला, पक्षासाठी जर्मन मदत घेतली. हल्ल्याच्या सहा दिवस आधी कोपनहेगनमध्ये एका जर्मन हेर-अधिकाऱ्याला देशाच्या संरक्षणाची माहिती दिली. खटल्यात अफरातफरीचेही आरोप होते. पण थैलीसाठी फुटलेला माणूस तो नव्हे. आपण नॉर्वेला वाचवतोय, अशी त्याची खात्री होती आणि कोर्टातही तो तेच सांगत राहिला. लाचखाऊपेक्षा मला असला माणूस जास्त भयंकर वाटतो. १८५१ मध्ये रद्द झालेली ज्यूंना देशबंदी करणारी घटनेतली तरतूद त्याने १९४२ साली पुन्हा आणली. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला ‘डोनाउ’ जहाजातून पाचशेवर ज्यू पाठवले गेले. त्यांना पकडणारे पोलीस नॉर्वेचेच होते. हे त्या मजकुरात कुठेच नाही. दाराच्या गोष्टीत ते बसतच नाही.

आणि शब्द काही त्याच्या मरणाची वाट बघत थांबला नव्हता. हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, एप्रिल १९४० मध्येच लंडनच्या ‘टाइम्स’ने तो अनेकवचनात वापरला होता. जून १९४१ मध्ये चर्चिलच्या भाषणातही तो आला. क्विसलिंगला तो जिवंतपणी ऐकावा लागला. युद्धकाळातला विनोद असा: तो हिटलरला भेटायला जातो. दारावरच्या शिपायाला म्हणतो, “मी क्विसलिंग.” शिपाई म्हणतो, “ते कळलं हो, पण नाव काय?”

मजकुरातली एक गोष्ट मात्र बरोबर आहे, त्याला गोळ्या घातल्या. २४ ऑक्टोबर १९४५, रात्री पावणेतीनच्या सुमारास, ऑस्लोच्या आकेर्सहुसमध्ये. तो किल्लाच आहे.